टोप थोरल्याकडे, झाकण धाकट्याकडे

मी एक जुनं तांब्याचं झाकण आहे. मित्रांनो, हसू नका. टोपाची कहाणी असती तर तुम्ही आवडीने वाचली असती, झाकणाला कोण विचारतो? पण टोपात भात शिजतो तो माझ्या जिवावर, हे वसईतली कुठलीही सुगरण तुम्हांला सांगेल.

गिरीज गावच्या अँथनींनी आपल्या लग्नासाठी बाजारातल्या नरहरी तांबटांकडून पन्नास माणसांचा टोप घडवून घेतला आणि त्याच्या मापाने मला. माझी पाठ सपाट. तिच्यावर निखारे ठेवले तर ते घरंगळू नयेत म्हणून भोवती बोटभर उंच काठ, आणि उचलायला दोन पितळी कड्या. खालून जाळ, वरून निखारे, अशा दुहेरी आचेवर मटण-भात शिजायचा. लग्न असो की बाप्तिस्मा, आम्हां दोघांना बोलावणं असायचंच. जेवून उठलेले लोक टोपाची तारीफ करायचे. मला वाईट वाटायचं, पण फार नाही. मसाल्याची पहिली वाफ माझ्याच अंगाला लागायची.

अँथनी गेले आणि त्यांच्या दोन मुलांत विहिरीच्या पाण्यावरून वाजलं. पाळी कुणाची, आधी कुणाच्या केळी भिजणार, एवढीच गोष्ट. ती वाढत वाढत १९७१ साली वाटणीपर्यंत गेली. वाटणी करायला फ्रेडरिक मास्तर आले. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी घरातली सगळी भांडी ओट्यावर एका रांगेत मांडायला लावली आणि बोट फिरवत निघाले, "एक गॅब्रिएलला, एक हिलरीला." टोप थोरल्या गॅब्रिएलला गेला. रांगेत पुढची मी होते. मी धाकट्या हिलरीला गेले.

"मास्तर, ते झाकण टोपाचंच आहे ना," गॅब्रिएलची बायको मार्था म्हणाली.

"वस्तू दोन आहेत, बाय," मास्तर म्हणाले आणि त्यांचं बोट पुढे गेलं.

दोघांपैकी एका भावाने 'राहू दे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तो कशाला म्हणेल? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी गत. मला उचललं आणि घराच्या दुसऱ्या भागात नेऊन ठेवलं. मधे नवी भिंत उभी राहिली.

हिलरीच्या घरात माझ्या मापाचं भांडंच नव्हतं. वर्षभर मी पाण्याच्या पिंपावर काढलं. मग मला काठ आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि माझी रवानगी परसात झाली, कोंबड्यांना कणी घालायला. एके दुपारी माडावरून नारळ पडला तो नेमका माझ्यावर. कडेला चांगला पोचा आला. कोंबड्या पळाल्या आणि थोड्या वेळाने परत येऊन खाऊ लागल्या. मी हिरवी पडले. पलीकडे टोपात भाताचं बियाणं भरून ठेवलंय, असं कानावर यायचं. भाऊ एका चर्चमध्ये एकाच मिस्साला जायचे, पण वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. अशी सात वर्षं गेली. खरं सांगते, त्या दिवसांत मी नरहरी तांबटांनाही मनातल्या मनात बोल लावले.

मग १९७८ च्या जानेवारीत त्यांची बहीण रोझमेरी घरी आली. ती धर्मभगिनी झालेली. तिला आफ्रिकेतल्या मिशनमध्ये पाठवत होते. सहा वर्षं परत येता येणार नव्हतं. जाण्याआधी सगळ्यांनी मिळून एक दिवस वसईच्या किल्ल्यात घालवायचा, असा बेत तिने काढला.

झालं, दोन्ही घरांत तयारी सुरू झाली, आणि ती दोन तऱ्हांनी. मार्था म्हणाली, "आम्ही मैद्याचे तळलेले फुगे आणू, आमचं आम्ही खाऊ." हिलरीची बायको लूर्डस म्हणाली, "आम्ही सुकटीचं कालवण आणू, आम्हांला पुरेल एवढं." रोझमेरी दोन दिवस या दारातून त्या दारात फिरली. शेवटी हिलरीच्या परसात येऊन उभी राहिली. मी तिच्या पायाशीच होते.

"फुगे नकोत आणि कालवणही नको," ती म्हणाली. "पापांच्या वेळचा मटण-भात करायचा. दादा टोप आणेल, तू झाकण आण."

"झाकण आणतो. पण आम्ही वेगळे बसणार," हिलरी म्हणाला.

"हिलरी, सहा वर्षं मी परदेशात असेन. तुम्हांला दोघांना एका पंगतीत जेवताना बघू दे, मग जाते. दुसरं काही मागत नाही मी."

हिलरीने कोंबड्या हुसकल्या आणि मला उचललं. लूर्डसने चिंच आणि राख घेऊन मला इतकं घासलं की तिचे हात लाल झाले. त्या हातांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

रविवारी मिस्सा आटोपून मंडळी निघाली. टोप गॅब्रिएलच्या बैलगाडीत, मी हिलरीच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेली. किल्ल्यात शिरलो, पडक्या चर्चच्या भिंतीमागे एका चिंचेखाली सावली बघितली. समुद्राचा वारा येत होता. दोन्ही घरची सात पोरं मिळून तटावर पळाली, त्यांना कुठली भिंत माहीत! मार्थाने तीन दगडांची चूल मांडली, मटण परतलं, तांदूळ घातला आणि हिलरीने मला टोपावर ठेवलं.

सात वर्षांनी आम्ही भेटलो, आणि मी बसेचना. पोच्याच्या बाजूला दोन बोटांची फट राहिली. तिच्यातून भसाभस वाफ जाऊ लागली. गॅब्रिएलने वाकून पोचा पाहिला आणि तोंड फिरवलं.

"कोंबड्यांना दिलं की असंच व्हायचं," मार्था पुटपुटली.

लूर्डस लालेलाल झाली. हिलरी सायकलकडे निघाला. मला वाटलं, मित्रांनो, माझ्यामुळे सगळं बिघडलं. एका पोच्यामुळे रोझमेरी उपाशी मनाने सातासमुद्रापार जाणार.

लूर्डसने मात्र टोपलीतून भाकरीचं भिजवलेलं पीठ काढलं आणि फटीत थापायला सुरुवात केली. पीठ अर्ध्यावरच संपलं. ती हात तसाच धरून बसली. मार्थाने क्षणभर पाहिलं, आपल्या गाठोड्यातलं पीठ आणलं आणि दुसऱ्या बाजूने थापू लागली.

"दाबून धरायला हवं," लूर्डस म्हणाली, "नाहीतर सुटेल."

हिलरी मागे फिरला. दोन्ही तळव्यांनी त्याने मला दाबून धरलं. मी तापलेली होते, त्याला चटके बसत होते, पण तो हलला नाही. गॅब्रिएल चुलीतले निखारे पत्र्यावर घेऊन आला आणि भावासमोर थांबला.

"हात काढ," तो म्हणाला. "भाजशील."

सात वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. हिलरीने हात काढले.

"थोडे इकडे जास्त टाक, दादा," तो म्हणाला. "पोचा इकडे आहे."

रोझमेरीने पाठ फिरवून डोळे पुसले. निखाऱ्यांचा चटका मला इतका गोड कधीच लागला नव्हता.

भात झाला. पोच्याच्या बाजूचा जरा कच्चा राहिला होता. ती बाजू दोघा भावांनी आपल्या पानांत वाढून घेतली आणि एका पंगतीत बसून निमूट खाल्ली. संध्याकाळी हिलरीने मला सायकलला बांधलं नाही. टोपावर ठेवून गाडीत चढवलं.

तेव्हापासून मी गॅब्रिएलच्या घरी आहे. पण वाटणी ती वाटणीच. कुणी लग्नासाठी टोप मागायला आलं की गॅब्रिएल म्हणतो, "झाकण हिलरीचं आहे, त्याला विचारा." हिलरीकडे गेलं की तो म्हणतो, "दादाला विचारा, मी कोण सांगणार?" बिचारा मागणारा दोन्ही घरचा चहा पिऊन दमतो. रोझमेरी १९८४ साली सुट्टीवर आली, तेव्हा तिला हे सांगताना दोघंही हसत होते.

मी सगळ्यांची ऋणी आहे, त्या नारळाचीसुद्धा. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्याही परसात दुसऱ्याच्या भांड्याचं एखादं झाकण धूळ खात पडलं असेल, तर ते घासून त्या घरी घेऊन जा. बसलं नाही तर नाही बसलं. थोडं पीठ मात्र बरोबर न्या.