तारांकित नळ

"भाई, तुम्ही पाइपाकडं बघा, माझ्याकडं न्हाई," असं म्हणत सिंधुसिस्टरांनी मोबाइलचा आवाज हळूच बंद केला.

निजामोद्दीन प्लंबर शिडीवर उभा राहून उपकेंद्राच्या भिंतीवर नळाची लाइन बसवत होता. त्याला काही कळू द्यायचं नव्हतं. मोबाइलवर नागपूरचं अधिवेशन चालू होतं आणि अध्यक्षांनी आत्ताच गोंधळात सभागृह दिवसभरासाठी तहकूब केलं होतं.

बिलोली तालुक्यातल्या या उपकेंद्राची इमारत झाली, रंग झाला, थाटात उद्घाटनही झालं. पाणी तेवढं राहून गेलं. सिस्टर हापशावरच्या घागरींवर बाळंतपणं निभावत. अर्ज करकरून त्या थकल्या. मग आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला, प्रश्नाला मंगळवार मिळाला आणि त्याआधीच्या शनिवारी चक्क टाकी घेऊन टेम्पो दारात! मंत्र्यांना सभागृहात उभं राहून 'काम पूर्ण झाले आहे' म्हणता यावं, म्हणून सगळं खातं घाम गाळू लागलं. लाजेकाजेस्तव का होईना, काम होतंय ना, म्हणून सिस्टर खुशीत होत्या.

आणि आज, ऐन मंगळवारी, आत मंजुश्रीच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिची सासू शिवम्मा दारातून हलत नव्हती.

"सिस्टर, जीप सांगू का बिलोलीला?"

"मागचं लेकरू जीपमधीच झालं, इसरल्या का मावशी? सगळं नीट चाललंय तिचं. हे इथंच हुईल. पाणी येऊन राहिलंय."

शब्द तर देऊन बसल्या. तेवढ्यात जिल्ह्याच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला.

"सिस्टर, आता घाई नाही. मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यायचं नाही, म्हणजे उपप्रश्नांची कटकट गेली. लेखी उत्तरात 'काम प्रगतिपथावर आहे' एवढं पुरतं. निजामोद्दीनला लगेच मुदखेडला पाठवा, तिकडचा प्रश्न उद्या आहे. त्याचा फोन लागून नाही राहिला."

"हॅलो? साहेब, आवाज तुटून राहिला!" सिस्टरांनी फोन बंद करून एप्रनच्या खिशात टाकला. साहेबांशी खोटं बोलायची पहिलीच वेळ. पण पश्चात्ताप म्हणाल तर औषधालाही नव्हता.

नंतर मात्र सिस्टरांच्या तोंडाला खळ राहिला नाही. एरवी कामापुरतं बोलणारी ही बाई आत मंजुश्रीला तपासून आली की शिडीखाली उभी राहून गप्पा हाणू लागे. तुमच्या लेकीचं, सुमय्याचं कॉलेज कसं चाललंय? धर्माबादची मिरची औंदा कशी? चहा झाला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी झाली. तीही त्यांनी शिडीवरच दिली. खाली उतरला आणि खिशातला फोन काढला, तर संपलंच सगळं! निजामोद्दीन "हाव", "न्हाई" करत मान खाली घालून पाइपाचे आटे कसत होता.

"सिस्टरला आज झालंय तरी काय?" शिवम्मा पुटपुटली.

आत मंजुश्री कळवळली. सिस्टर धावत आत गेल्या. आता फार वेळ नव्हता. घागरीत तळाला पाणी होतं.

"सिस्टर, बघा चालू करून!" बाहेरून हाक आली.

नळ आधी खोकला. मग तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग एकदम स्वच्छ धार लागली. शिवम्मानं नळालाच हात जोडले. सिस्टरांना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"भाई, एक सांगू? लबाडी केली मी. साहेबांचा फोन आलता. तुम्हाला मुदखेडला पाठवा म्हनले."

निजामोद्दीन पाना पुसत खिडकीशी आला. "मला मुदखेडवाल्यांचा तुमच्या आधीच आलता की. म्हनून तर फोन बंद करून ठिवला."

"मग माझी एवढी बडबड का ऐकली?"

"भाकरी लई चांगली होती, सिस्टर. आन् आतून आवाज येऊन राहिला होता. अर्धी लाइन सोडून कसं जावं मानसानं?"

"सिस्टर!" मंजुश्रीनं हाक मारली.

"आले, आले गं पोरी."

सिस्टरांनी बाह्या वर केल्या. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसे, बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत, धारेखाली साबणानं हात धुतले. हात स्वच्छ झाले होते. तरी साबण लावून त्यांनी ते पुन्हा एकदा धुतले.