उखाचं टोचलेलं नाक

सोनलचं लग्न दीड महिन्यावर आलं, तेव्हा तिच्या बापानं, उखानं, नाकाचं भोक शिवून घ्यायचं ठरवलं. उजव्या नाकपुडीवरचं ते बारीक छिद्र त्याला शाळेपासून छळत होतं. पोरं ‘नथवाली’ म्हणून हाका मारायची. धुळ्यातल्या कॉलेजात हेडक्लार्क झाल्यावरही फोटो काढताना तो डावा गालच पुढं करायचा. त्यात व्याही जळगावचे, शिकलेले. व्हिडिओवाला जवळून चेहरे टिपणार.

डॉक्टर म्हणाले, “दहा मिनिटांचं काम. दोन टाके.”

लग्नाच्या तयारीसाठी आई, दगडीबाई, एरंडोलकडच्या गावाहून आली होती. जेवताना त्यानं तिला सहज सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

“कसाले रे भाऊ? ऱ्हाऊ दे ते.”

“आई, चोपन्न वर्षांचा झालो. अजून लोक हसतात.”

“हसू दे. मी मरी जासू, मंग बुजी टाक.”

उखा चिडला. “टोचताना मला कुणी विचारलं होतं का?”

दगडीबाईनं ताट बाजूला सारलं. “तुना आधी तीन ग्यात,” ती म्हणाली.

एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापुढं घरात कुणी कधी बोललं नव्हतं. त्या दिवशी ती बोलली. पहिली दोन पोरं बारशाआधीच गेली. तिसरा नवल. सोळा महिन्यांचा, अंगणभर दुडदुडायचा. ताप चढला आणि बैलगाडी एरंडोलला पोचेपर्यंत तो तिच्या मांडीवरच थंड पडला. चौथा झाला तसं सुईणीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं. आईनं पदरभर ज्वारी देऊन त्याला परत विकत घेतलं आणि उकिरड्यावरचा म्हणून नाव ठेवलं उखा. मग सोनाराकडून नाक टोचून घेतलं.

“मरणले वाटाले पाह्यजे, ही पोर शे, आनि ती बी उकिरडानी. तू इतला रडना! पन मी हसनू. रडस म्हंजे जित्ता शे.”

मग त्यानं विचारलं, “नवल कसा दिसायचा?”

“तुनासारखाच. नाक बी हेच.” ती म्हणाली. “भोक नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांना फोन करून नको म्हणून कळवलं आणि तसाच छापखान्यात गेला. पत्रिका अजून छापायची होती. वडिलांच्या, कै. सुकलाल यांच्या नावाखाली त्यानं एक ओळ वाढवली.

“हे नवल कोण?” छापखानेवाल्यानं विचारलं.

“माझा मोठा भाऊ.”

पत्रिका आल्या त्या संध्याकाळी त्यानं आईला ती ओळ वाचून दाखवली. दगडीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्याला अक्षरांवर बोट ठेवायला लावलं, मग त्याचं बोट सारून तिथं आपलं ठेवलं.

“न-व-ल?” ती म्हणाली.

“नवल.”

“हां. नवल.”




आतून सोनल चहाला हाका मारत होती. दोघंही उठेनात.