ताटलीतला डोळा

रानशेतजवळच्या पाड्यावर लाहूच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. काकड्या भगतानं लाहूच्या पोरावरून अंडं ओवाळलं, पितळी ताटलीत फोडलं आणि माणसं मागं सरकली. बलकावर लाल धाग्यांचं जाळं होतं आणि त्यात एक काळाभोर डोळा वर बघत होता.

लाहू आणि रूपीचं हे पोर एका डोळ्याविनाच जन्मलं होतं.

"खाल्लेला डोळा ओकायला लावला मी," भगत म्हणाला. "शेजारणीनं खाल्ला. तिला आजच पाड्याबाहेर काढा, नायतर दुसरा पण जाईल."

शेजारीण म्हणजे जिवली, एकटी राहणारी विधवा. ती गाठोडं बांधून आपल्या दारात बसलीच होती. कोणी हाकलायला येईपर्यंत थांबायचं कशाला, असा तिचा चेहरा होता.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. २०१७ साल होतं, जादूटोण्याविरुद्ध कायदाही झाला होता, आणि अशा अंगणांत उभं राहून मी थकलो होतो. भगताचं भाषण मला पाठ होतं. अंडं त्याच्याच घरचं लागतं, दुकानातलं देवाला चालत नाही. देवाच्या आवडीनिवडी नेहमी भगताच्या सोयीच्याच कशा असतात, देव जाणे.

मी ताटलीजवळ बसलो. हात लावलास तर आंधळा होशील, असं भगतानं बजावलं. चष्मा तर आधीच लागलाय, म्हटलं, आणि काडीनं तो लिबलिबीत जीव अलगद उलटा केला. पलीकडच्या बाजूलाही तस्साच डोळा होता.

"पोराचा एकच गेलाय ना?" मी विचारलं. "मग हा दुसरा कुणाचा?"

तो जिवलीचा स्वतःचा, असं भगतानं ठोकून दिलं. सगळ्यांनी जिवलीकडे पाहिलं. तिचे दोन्ही डोळे जागेवर होते, फक्त रडून सुजले होते.

मग रूपीच्या सासूकडे, रखमीकडे, मी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं एक अंडं मागितलं. पिल्लू होणारं अंडं कुणी फोडत नाही, म्हणून आत काय असतं ते कुणी पाहिलेलंच नसतं. रखमीनं कुरकुरत दिलं. त्यातही तेच जाळं निघालं, तेच काळे डोळे.

काही दिवस उबवलेल्या अंड्यात डोळेच आधी नजरेत भरतात, आणि भगतानं घरून तसलंच अंडं आणलंय, मी सांगितलं. गर्भाच्या पेशींत जनुकांच्या सूचना असतात. एक सूचना डोळ्याची जागा ठरवते, दुसरी त्या एका जागेचे दोन भाग करते. मासा, कोंबडी, माणूस, सगळ्यांत सूचना जवळजवळ त्याच. कधी त्यांत गडबड होते आणि डोळा घडतच नाही.

"म्हंजे माझ्या पोराचा डोळा कुणीच नाय खाल्ला?" रूपीनं विचारलं.

"नाही. तो तयारच झाला नव्हता. यात जिवलीची चूक नाही, आणि तुझीही नाही."

तेव्हा कुठं तिनं मनातलं सांगितलं. ग्रहणात आपण भाजी चिरली म्हणून असं झालं, हे ती बाळंतपणापासून मनात घेऊन जगत होती. मला फार वाईट वाटलं. मग ती जिवलीच्या दाराशी गेली आणि पोर तिच्या मांडीवर ठेवलं. जिवली त्याला हात लावायलाही घाबरत होती.

तेवढ्यात भगत सटकला. उद्या तो दुसऱ्या पाड्यावर अंडं फोडेल आणि तिथं मी नसेन. तेव्हा तुम्हीच एवढं करा. कुणा बाईचं नाव ऐकून घेण्याआधी अंडं कुठून आणलं ते विचारा, आणि आत जे दिसेल ते उलटून पाहा.