अडलेला ‘प’

शब्दकोशाच्या कचेरीत बापलेक समोरासमोर बसत. बाप संपादक, लेक त्यांची मदतनीस. लेकीनं मोठ्या तोऱ्यात जाहीर करून टाकलं होतं, “‘प’ छापायला गेला की मी लग्न करणार!” तेव्हापासून ‘प’ जो अडला तो अडलाच. बाकीचे शब्द कधीच मार्गी लागले. एकट्या ‘पेगन’ या इंग्रजीतून आलेल्या शब्दावर बाबांची सही होईना.

नवरदेव डोंगरापलीकडच्या खेड्यात रोपवाटिका चालवायचा आणि फांदी छाटण्याआधी झाडाची माफी मागायचा. बाबा त्याला ‘आमचे वृक्षदेव’ म्हणत.

आज तिनं पुन्हा कागद पुढे सरकवला. बाबांनी चष्मा नाकावर ओढला.

“मूळ अर्थ, खेड्यात राहणारा. बरं. मग तो पाखंडी कसा झाला?”

“रोमन शहरांनी नवा ख्रिस्ती धर्म धरला, खेडी जुन्या देवांना धरून राहिली. मग गावकरी म्हणजेच अधर्मी, असं ठरून गेलं म्हणतात.”

“म्हणतात? दुसरंही मत आहे. शिपायांच्या बोलीत बिगरशिपाई, म्हणजे आपल्या फौजेतला नाही तो.”

“तेही लिहिलंय. खालची ओळ बघा.”

बाबांनी खालची ओळ वाचली, शाई वाळलीय का ते पाहिलं, आणि मग स्वल्पविरामात खोट काढायला लागले. पलीकडे मुद्रितं तपासणारे काका गालातल्या गालात हसले. घोडं कुठे अडलंय ते सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. तिलाही हसू आलं, आणि रागही.

“बाबा, वृक्षदेवांत काय खोट आहे ते एकदाचं सांगून टाका. त्या बिचाऱ्या शब्दाला कशाला छळताय?”

“पोरात काही खोट नाही,” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. “माझ्यापेक्षा सभ्य आहे. मी कधी कुठल्या झाडाची माफी मागितली नाही. पण तू गेल्यावर या खुर्चीत कोण बसणार? माझ्याशी भांडणार कोण?”

इतके दिवस ती त्यांना हट्टी समजत होती, आणि ते नुसते घाबरले होते.

“फोनवर भांडेन, रोज. पण जाणार, बाबा.”

“‘फ’ तरी संपवून जा.”

“आणि मग ‘ब’. मी काय तुम्हाला ओळखत नाही?”

ते हसले. नेहमीसारखी लांबलचक सही ठोकली आणि कागद तिच्यापुढे धरला. तिनं एक टोक पकडलं, तरी त्यांच्या चिमटीतलं दुसरं काही सुटेना.

“सोडा आता,” ती हळूच म्हणाली.

बाबांनी सोडलं.