उचित सेवेचा मार

फुकटा कुणाला म्हणूलालास रं भरमू? मला? कट्ट्यावर बसून, सुजलेल्या तोंडानं, "त्या फुकट्या डब्यानंच माजी मोटार खाल्ली" असं गावभर सांगत सुटलायस. दात पडले तरी जीभ काय थांबंना तुजी. ये की एकदा समोर. माज्या पाठीवरचा पोचा बघ, त्यो तुज्या पहारीचा हाय. कोपऱ्यावरचा काळा डाग बघ, ते रगात हाय. कुणाचं, ते तुला मी सांगायला नको.

ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगतो. मी डबा बोलूलालोय, मोटारीचा डबा. खानापुराकडच्या ह्या भरमूच्या उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारीवर माजी नेमणूक. मोबाईलवरनं मिस कॉल दिला की मी मोटार चालू करणार, लाईनीतल्या तीन फेजातला एक गेला की मोटार जळू नये म्हणून बंद करणार. आता मातर बेळगावातल्या अनगोळात, मला करणाऱ्या रवळूच्या दुकानात, एका मोडक्या खुर्चीखाली उताणा पडलोय.

माजा जन्मच मार खाऊन झाला. उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, मी साधा पत्रा हुतो. प्रेसखाली घातलं, दाणकन हाणलं, चारी बाजूनं दुमडलं, भोकं पाडली. मग रवळूनं मला दुकानात आणलं. त्येची बायको सुनंदा, तिनं माज्या पोटात तारा जोडल्या, तापल्या सळईनं एकेक टाका दिला. शेवटी रवळूनं लॅपटॉपातनं मजकूर भरला. मजकूर म्हंजे ते सॉफ्टवेअर. ते पोटात गेलं आणि मला फेज कळाय लागला, माणसं कळाय लागली.

रवळू आयटीआय झालेला गडी. कारखान्यात हुता, सायबाची कॉलर धरून बाहेर पडला. डोस्कं तापट, पर एक इचार पक्का धरलेला. माज्या पोटातला मजकूर त्येनं कुलपात ठेवला न्हाय. इंटरनेटवर उघडा टाकला. कुणीबी वाचा, कुणीबी उतरून घ्या, सुधारा, आपला डबा करा.

सुनंदा भांडली. असली भांडली की मी टेबलावरनं पडतो काय असं झालतं.

"समदं वाटून मोकळा हो," म्हणाली. "आणि चुलीवर काय माजं डोस्कं शिजवू?"

"अगं, दुधाचा कुंदा कसा करायचा हे समद्या बेळगावाला ठावं हाय," रवळू म्हणाला. "तरी कुंद्याची दुकानं चालत्यातच न्हवं?"

"चालत्यात. पर कुंदा बिघडला म्हणून दुकानदाराच्या नरड्याला कोण धरत न्हाय. तुज्या धरतील."

"म्हणून तर धंदा मजकुराचा न्हाय, सेवेचा करायचा. मजकूर फुकट. पर त्यो शेतात जाऊन डब्यात भरायचा, पाली-मुंग्या काढायच्या, तारा आवळायच्या, चूक निघाली की धावायचं, त्येची वर्साची वाजवी फी. पयलं वरीस माफ."

सुनंदानं तापली सळई पाण्यात बुडवली, चर्र केलं. "लिवून टाक बोर्डावर," म्हणाली. "न्हायतर लोक पयलं वरीसच जल्मभर धरत्यात."

तर बोर्ड आला. त्या बोर्डानंच समदा घात केला.

भावकू पेंटर ह्याच गल्लीतला. रवळूनं त्येला सांगितलं, "सेवा उचित दरात, असं लिव. मराठीत आणि कानडीत." रवळू मराठी शाळेत शिकला. बाजारातली कानडी बोलतो फाडफाड, पर वाचायला अक्षर येत न्हाय, पुस्तकी शब्द कळत न्हाय. भावकूनं मराठी नीट लिवलं, बारीक अक्षरात. कानडीला वर मोठी जागा हुती, पर अक्षरं एवढी जाडजूड काढली की 'दर' बसंना. मग त्यो तेवढाच गाळला. वर मोठं झालं, उचित सेवे. त्येला कानडी अक्षरं गिरवता येत्यात, भाषा न्हाय; त्येला वाटलं, अर्थ एकच.

अर्थ एक कुठला? मराठीत उचित म्हंजे वाजवी. कानडीत उचित म्हंजे फुकट! एवढ्या एका शब्दासाठी रवळूनं दुकान मांडलं आणि त्योच शब्द त्येच्या डोक्यावर उलटा टांगला. गिऱ्हाईक वाचत हुतं, मनात हसत हुतं, गप बसत हुतं. फुकट मिळतंय तर कोण कशाला इचारंल? पयलं वरीस माफच हुतं, त्यामुळं कुणाला काय कळायचा सवालच न्हवता.

आणि भरमू, तू तर कानडी शाळेतला. तूच पयला डबा नेलास. तूच बांधाबांधानं मला मिरवलास. "बघा रं, घरात बसून मोटार चालू करतोय, हापिसरवानी!" तुजं बघून शेजारच्या गावांनी डबे नेले. आज रवळूची जेवढी गिऱ्हाईकं हाईत, ती समदी तुज्या शब्दावर आलेली हाईत. ते मी नाकारत न्हाय. तू मला उन्हात पोतं बांधलंस, पावसात खताची पिशवी घातलीस. मोटार नीट चालली की बायकोला सांगायचास, "गुणा, डबा लई गुणाचा हाय, तुज्यापरास." तिनं तुला शेणाची पाटी फेकून मारलीती. मी बघितलंय.

मग माज्या मजकुरात एक चूक निघाली.

वीज लपकाय लागली, भराभर ये-जा कराय लागली, की मेलेला फेज मी जिता समजायचो. रवळूला ते कळलं न्हवतं. धारवाडात कालिजात शिकणारी श्रिया म्हणून एक पोरगी, तिच्या मामानं आपल्या शेतावर असलाच डबा केलता. मजकूर उघडाच, तिनं वाचला, चूक पकडली, सुधारून रवळूला धाडली. ना ओळख, ना देख. रवळू दुकानात नाचला. "बघ सुनंदा! कुलपात असता तर ही चूक कुणाला दिसली असती?"

पर सुधारलेला मजकूर इंटरनेटवर बसून काय करणार? त्यो माज्या पोटात यायला पायजे. त्येला चिखल तुडवत माणूस यायला पायजे. रवळू आला. पयलं वरीस सरलं हुतं, म्हणून फीबी मागितली.

तू पहारीनं पाट फोडत हुतास. घामाघूम, आधीच तापलेला.

"कसली फी रं?"

"वर्साची, अण्णा. नवा मजकूर भरतो, डबा साफ करतो."

"तुज्या बोर्डावर उचित लिवलंय."

"व्हय की. मग उचितच मागूलालोय."

"उचित म्हणतोस आणि मागतोस?"

"उचित हाय म्हणून तर मागतोय! जास्ती कुठं मागितलं?"

"रवळ्या, मला खुळा समजतोस काय?"

"अण्णा, चूक निघालीया डब्यात, म्हणून आलोय पळत."

"चूक तुजी, आणि भरणार मी? चल, हो बाजूला!"

रवळूनं माजं दार उघडायला हात घातला आणि तू पहार उचललीस. त्यो मागं सरला म्हणून वाचला. पहार माज्या पाठीत बसली. आतनं बाहेरनं हादरलो मी. रवळू बांधावर उभा राहून आईबापावरनं शिव्या देत हुता, तू त्येच्या अंगावर ढेकळं फेकत हुतास. दोगंबी एकच शब्द वरडत हुतासा, उचित, उचित! आणि दोगांस्नीबी दुसऱ्याचं डोस्कं फोडावं वाटत हुतं.

त्यो गेला. नवा मजकूर त्येच्याबरोबर परत गेला.

पुढं वळवाचं वारं सुटलं. लाईन लपकाय लागली. एक फेज मेला आणि मला त्यो जिताच दिसला. मी मोटार चालूच ठेवली. पयला घर्रर्र, मग वास, मग धूर. मोटारीतली तार जळून कोळसा. तू पळत आलास, मला खांबावरनं उपसलंस, तारांसकट. गुणाबाई मागनं वरडत हुती, "अवो, आदी त्येला फोन तरी करा!" तू ऐकशील तर कसला भरमू? मला फटफटीच्या टाकीवर आडवा टाकलास आणि अनगोळ गाठलंस.

पुढचं साऱ्या गल्लीनं बघितलंय.

तू उतरला न्हाईस, तंवर मला फेकलंस. दुकानाची काच फुटली, मी टेबलावर आपटलो. रवळू उठला. तू आत घुसलास, मला परत उचललंस आणि माज्याच कोपऱ्यानं त्येच्या कपाळावर हाणलंस. ज्यानं मला केला, त्येच्या रगतानं माजं तोंड माखलं. वरडावं म्हटलं तर मला भोंगाबी बसवलेला न्हाय! रवळूनं पडता पडता मोठा पाना उचलला आणि तुज्या थोबाडावर ठेवून दिला. दात काचंवर पडले. खुर्ची मोडली. गल्ली गोळा झाली.

भावकू पेंटर समोरच शिडीवर हुता. तू त्येला पाय धरून खाली ओढलंस. "वाच! काय लिवलंय, वाच!"

"उचित सेवे," भावकू म्हणाला.

"ऐकलंस रवळ्या? उचित म्हंजे फुकट, गाढवा!"

"उचित म्हंजे वाजवी, रेड्या!"

गर्दीत अर्धे म्हणाले फुकट, अर्धे म्हणाले वाजवी. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. ज्यांचा मोटारीशी संबंध न्हाय, उसाशी न्हाय, ते बी एकामेकाला बडवाय लागले. रंगाचा डबा कुणीतरी भावकूच्या डोक्यावर उपडा केला. निळाजर्द झाला बिचारा. "आवो, जागाच पुरंना म्हणून 'दर' गाळला!" म्हणून रडूलाला, त्येचं कोण ऐकतंय?

शेवटी सुनंदा आली. डबे तपासायची लांब तार तिनं प्लगात खुपसली, दुसरं उघडं टोक रबराला धरून पुढं केलं. दाराच्या लोखंडाला टेकवलं, ठिणगी उडाली.

"भरमूअण्णा, आणि एक पाऊल टाकलंसा तर लावीन," म्हणाली. "ह्यो करंट हाय. त्येला मराठीबी कळत न्हाय आणि कानडीबी."

गर्दी मागं हटली. तूबी हटलास. बोर्डाकडं बघितलंस, एकदा कानडी वाचलंस, एकदा मराठी. तुला कळलं, भरमू. मी तुजं तोंड बघत हुतो, तुला समदं कळलं. पर तू थुंकलास, गाडीला किक मारलीस आणि गेलास. तवापास्नं मला फुकटा म्हणत फिरूलालास.

रवळूच्या कपाळाला टाके पडले. बोर्ड त्येनंच उपटून फोडला. आता एकबी गिऱ्हाईक फी देत न्हाय. समदी तुज्याकडं बघत्यात. "भरमूनं दिली की आमीबी देऊ," असं रवळूच्या तोंडावर सांगत्यात.

काल निपाणीचा एक व्यापारी आलता. गोड बोलणारा, अत्तर लावलेला. कागद टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, मजकूर कुलपात घाला, डबा कुणाला उघडता येऊ नये असा राळ ओतून बंद करा, वरीस सरलं की डबा आपोआप मरंल असं करा. शेतकरी पाय धरत येतोय का न्हाय बघा. तुमी माज्याकडं पगारावर या.

सुनंदा त्येच्याकडं बघून म्हणाली, "आणि चूक निघाली तर?"

"सांगायची कशाला? नवी मोटार घेतील की."

रवळूनं त्येला हाकलला न्हाय. रवळू! सायबाची कॉलर धरणारा. आज सकाळपास्नं त्यो कागद पुढ्यात घेऊन बसलाय. उद्या दुपारी व्यापारी परत येणार, तंवर सही पायजे म्हणं.

सही झाली म्हंजे काय हुतंय, कळतंय का तुला? जुना मजकूर इंटरनेटवर पडून ऱ्हाईल, त्येला कोण कुलूप लावू शकत न्हाय. पर त्यात उद्या कीड पडली तर काढणार कोण? श्रिया चूक दावंल, पर चिखलातनं येणार कोण? आणि नवे डबे राळंत पुरलेले येतील. तुजी मोटार जळंल, तू पहार घेऊन निपाणीला जाशील, तिथं तुला दारातच अडवायला वॉचमन असंल. रवळूच्या दुकानात घुसून तू त्येचं टाळकं तरी फोडू शकलास. तिथं आतबी जाता येणार न्हाय.

तुजा ऊस वाळूलालाय, मला ठावं हाय. परवा गुणाबाईनं सुनंदाला फोन केलता, लपून. "ह्येंचं डोस्कं फिरलंय, पर डबा हुईल का वो नीट?" म्हणाली. सुनंदानं इकडं खुर्चीखाली बघितलं आणि म्हणाली, "डबा हुईल, वहिनी. माणसाचं बघा."

मी हुईन नीट. पोचा ठोकून काढता येतोय, तारा नव्या घालता येत्यात, श्रियाचा मजकूर लॅपटॉपात तयार हाय. माजं काय अडलेलं न्हाय. अडलंय तुजं, आणि तुज्यामागनं समद्या गावांचं.

माफी मागू नको. तुला जमणार न्हाय, आणि रवळूला ऐकून घ्यायची सवय न्हाय, परत मारामारी हुईल. बोलूच नको. उद्या व्यापारी यायच्या आदी गाडी काढ, शेजारच्या गावातल्या चार जणांस्नी आपापली फी घेऊन मागनं यायला सांग, अनगोळात ये, वर्साची फी रवळूच्या टेबलावर त्या कागदावर ठेव, आणि मला उचलून घरी ने.