गायिकेच्या मापाचा पुतळा

मित्रांनो, मला डोकं नाही आणि हातही नाहीत, तरी रोममधल्या एका नामांकित शिवणघरात मी पन्नास वर्षं काढली. मी कापडी पुतळा आहे. आत गवत, वर जाडंभरडं कापड, खाली लाकडी पाय. अंगात टाचण्या खुपसल्या तरी हूं की चूं करायचं नाही, एवढंच माझं शिक्षण.

दोनाता फेरूत्सी यांनी मला आणलं, तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. दहा वर्षं दुसऱ्यांच्या नावानं शिवल्यावर त्यांनी दोन खोल्यांत स्वतःचं दुकान थाटलं होतं. मदतीला एकट्या एर्सिलियाबाई, हातानं कसबी आणि जिभेनं तिखट. पहिलं मोठं काम आलं ते इरिदे मोंताल्दी या गायिकेचं. ऑपेराच्या नव्या मोसमात पहिल्या खेळाला त्यांना नवा पोशाख हवा होता. तो जमला तर सारं शहर दोनाताबाईंचं नाव विचारणार होतं. फसला तर दुकान बंद करून पुन्हा परक्याच्या दारी सुई धरायची.

दोनाताबाईंनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माप घेतलं. गिऱ्हाइकानं श्वास सोडून ताठ उभं राहायचं, म्हणजे कंबर बारीक भरते आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्या मापानं माझ्यावर कापसाचे थर चढले आणि मी हुबेहूब इरिदेबाई झालो. मग हिरवं रेशीम आलं. जांभळं आणायची सोयच नव्हती, नाटकवाल्यांत तो रंग अपशकुनी. तीन आठवडे दोघी माझ्याभोवती राबल्या. पोशाख मला असा शोभला की मी मनातल्या मनात फुगलो.

एर्सिलियाबाई मात्र मला न्याहाळत म्हणाल्या, "पोरी, हा पुतळा भलताच गुणी आहे. जेवत नाही, शिंकत नाही. बाईमाणूस दोन्ही करतं."

दोनाताबाई हसल्या. मला रागच आला.

खेळाला चार दिवस उरले असताना इरिदेबाई पोशाख घालून पाहायला आल्या. आरशात पाहून त्या इतक्या खुलल्या की सवयीनं एक तान घेतली. पाठीची बटणं तटातट उडाली आणि शिवण वरपासून खालपर्यंत उसवली.

"दिसतो छान गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण यात मला फक्त गप्प बसता येईल."

दोनाताबाईंचे डोळे भरून आले. चूक माझीच, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता एर्सिलियाबाई तोंडसुख घेणार. पण त्या खाली बसून सांडलेली बटणं वेचू लागल्या. दोनाताबाईंनी डोळे पुसले आणि मापाची पट्टी उचलली.

"आता पुन्हा गा," त्या म्हणाल्या. "तुम्ही गाताना मी माप घेते."

इरिदेबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि पट्टी बोटांतून सरकत गेली. त्या नव्या मापानं माझ्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी कापूस चढला आणि पोशाखही तसाच ऐसपैस करून पुन्हा शिवला गेला. माझा डौल गेला. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पण पहिल्या खेळाला इरिदेबाई पूर्ण गळ्यानं गायल्या आणि एकही टाका तुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात गाड्या थांबू लागल्या. पुढे दोनाताबाईंची कीर्ती देशोदेशी पोचली, तरी माप घेण्याआधी त्या प्रत्येकीला विचारत, "तुम्ही दिवसभर काय करता?"

वर्षं गेली. आधी इरिदेबाईंचा आवाज गेला, मग त्या स्वतः गेल्या आणि तो हिरवा पोशाख आमच्याकडे परत आला. मी माळ्यावर धूळ खात पडलो. शेवटी दोनाताबाईंनी दुकान बंद केलं, तेव्हा एका संग्रहालयानं तो पोशाख आणि मला मागून नेलं.

तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्या बरगड्या चाचपल्या. ओलीनं कापसाचे गोळे झालेत, कापून सपाट करू, असं म्हणून त्यांनी कात्री मागवली. कात्री माझ्या अंगाला लागलीसुद्धा. पन्नास वर्षांत मी पहिल्यांदा घाबरलो.

मला पोचवायला आलेल्या दोनाताबाई काठी टेकत पुढे आल्या.

"तिथं कात्री लावू नका," त्या म्हणाल्या. "तो इरिदेचा श्वास आहे."

अधिकाऱ्यांनी कात्री खाली ठेवली. दोनाताबाईंनी तो हिरवा पोशाख मला चढवला आणि एकेक बटण लावलं. सगळी लागली.

मित्रांनो, जुनी वस्तू बेढब दिसली, तर कात्री उचलण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. इरिदेबाईंचं गाणं आता कुणाला ऐकू येत नाही. गाण्याआधी घेतलेला त्यांचा श्वास मात्र मी अजून सांभाळून उभा आहे.