होंसुकच्या खोलीची जमीन

त्या सकाळी माझी सून होंसुक उंबऱ्यावर आडवी सापडली, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिला आठवा महिना. डोकं फुटतंय म्हणून दाराशी आली आणि तिथंच कोसळली. कोळशाचा वायू, दुसरं काय! मी काखेत हात घालून तिला अंगणात बर्फावर ओढलं आणि वायूवरचा उतारा म्हणून मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी पाजलं. तिसऱ्या वाटीला ती ओकली, मग रडली. रडली म्हणजे वाचली.

तिथंच मी मुलाला सांगितलं, "ग्यूसॉक, पोर यायच्या आत ही जमीन उकरायची."

आमच्या खाणीच्या गावात घरोघर एकच तऱ्हा. स्वयंपाकघरातल्या चुलीत कोळशाची वडी पेटते, तिचा धूर खोलीखालच्या दगडी पोकळीतून फिरतो आणि जमीन तापते. दगडांवर चिखल, चिखलावर तेल पाजलेला कागद. दर पानगळीला मी नवा कागद चिकटवायची. माझ्यासारखी गुळगुळीत जमीन अख्ख्या आळीत कुणाची नव्हती, आणि हे मी सांगायच्या आधी आळीच सांगायची.

प्यो मिस्त्री जुनी चूल फोडून नवी तऱ्हा बसवायचा. कोळसा परसातल्या बंबात जळणार, धूर तिथूनच आभाळात जाणार, आणि खोलीखाली नळ्यांतून नुसतं गरम पाणी फिरणार.

सासूबाईंनी ऐकलं मात्र, ऐंशी वर्षांची म्हातारी ताडकन उठून बसली. "घरात पोटुशी असताना चूल फोडतेस? पोराचा ओठ फाटका निघेल! माझ्या नणंदेचं झालं होतं."

"आई, आजीचं ऐक ना," ग्यूसॉक म्हणाला. "वसंतात करू."

"वसंतात बायको उकरून काढशील होय रे?"

तो अंगणातला बर्फ लोटायला निघून गेला. सासूबाई मात्र हटल्या नाहीत. "मग तिला माहेरी तरी धाड."

"माहेरी आहे कोण? बाप आणि दोन बोकड. बाळंतपण कोण करणार, बोकड?"

मी काही देवधर्म सोडलेली बाई नाही. चांद्रमासातला एकोणिसावा दिवस धरला. त्या दिवशी भुतंखेतं कुठल्याच दिशेला नसतात, घराला हात लावायला हरकत नसते. होंसुकला माझ्या नि सासूबाईंच्या खोलीत नेलं; तिथली चूल वेगळी होती.

प्यो मिस्त्री आला, हातोडा उचलला, आणि नेमकी तेव्हाच होंसुक पोट सांभाळत परसाकडं निघाली. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"वहिनी, हे आधी नाही बोललात. मीही लेकराबाळांचा माणूस आहे. चुलीवर पहिला घाव मी नाही घालणार."

"एवढे दंड कशाला वाढवलेस, भाताचं वाडगं उचलायला?"

"दुसरा घाव घालतो. पहिला नाही."

मी बाह्या वर सारल्या. चुलीपुढं पाण्याची वाटी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चूलदेवी, घाव माझा आहे. ओठ फाडायचाच तर माझा फाड. तसंही माझं तोंड जरा जास्तच उघडतं म्हणतात." आणि हाणला. मातीचा कोपरा ढासळला. सासूबाईंनी डोळे मिटले. मी अजून दोन हाणले, एक ग्यूसॉकच्या वसंताच्या नावानं.

दुपारी मिस्त्रीनं कागद सोलला आणि मला हाक मारली. चुलीपासून थेट होंसुकच्या उशीखाली बोटभर रुंद चीर गेली होती, कडा काजळीनं काळ्याकुट्ट. वरच्या कागदाचे थर मी मोजले नाहीत. सगळे माझ्याच हातचे होते. वायू अडेल म्हणून मी कागद लावत गेले आणि चीर मात्र झाकून ठेवली.

"वहिनी, कागदानं वायू अडत नाही," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय मला. काम कर."

नळ्या बसल्या, सिमेंट सुकलं, बंब पेटला. मी अनवाणी सगळी खोली फिरून आले. भिंतीच्या कडेलासुद्धा ऊब होती.

बंब पेटल्यापासून बाविसाव्या दिवशी त्याच जमिनीवर नात झाली. सुईणीच्या हातातून सासूबाईंनी तिला जवळजवळ हिसकावलं आणि आधी ओठावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. ओठ धड होता, आणि आवाज तर माझ्यावर गेला होता.

सासूबाई पोरीला घेऊन तिथंच आडव्या झाल्या. दोन दिवस हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चला, आपल्या खोलीत."

"तुझा तो प्यो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "रिकामा कधी आहे?"